वनलाइन ते शेवटचा हप्ता

निर्मात्याच्या टेबलावर स्पायरल बाइंडिंगचं जे बाड पडतं, त्याला सगळे पटकथा म्हणतात. पण त्या बाडाच्या मागेपुढे आणखी चार-पाच कागद असतात आणि प्रत्येकाचा वाचक निराळा. लॉगलाइन निर्माता ऐकतो. वनलाइन दिग्दर्शक वाचतो. बाड कलाकार चाळतात, त्यातही बरेच जण आपापलेच सीन. सीनचा तक्ता सहायक दिग्दर्शक आणि प्रॉडक्शनवाले वापरतात. करारनामा वकील वाचतात. लेखकानेही वाचलेला असेल तर उत्तमच. आमचं मत असं की हे काम शिकायचं तर हे कागद एकेक करून शिकावे लागतात, कारण काम कागदागणिक सरकतं आणि पैसेही कागदागणिकच यायला हवेत. लेखकाचे पैसे अडकतात ते बहुतेक वेळा तिथेच, जिथे हप्ता कागदाला बांधलेला नसतो.

आम्ही दोघं मिळून लिहितो. एकाकडे पटकथा, दुसऱ्याकडे संवाद. उदाहरणाला घेतलेली कथा कागल तालुक्यातली आहे. वडील वारलेत, ऊसाची जमीन आहे, दोन भाऊ आणि पिंपरीत दिलेली एक बहीण. भावांना बहिणीचं हक्कसोडपत्र, म्हणजे तिने आपला वाटा सोडल्याचा दस्त, हवाय.

पहिला कागद लॉगलाइनचा, म्हणजे एका वाक्याचा. सुरुवातीला कुणाच्याही हातून निघतं ते असं: ‘बहिणीच्या हक्काची आणि नात्यांच्या गुंत्याची हृदयस्पर्शी कथा.’ हे पोस्टरवर शोभेल, पण यातून सिनेमा दिसत नाही. वाक्यात कोण, तिला काय हवंय, आड काय येतंय आणि हरली तर काय जाणार, या चार गोष्टी लागतात. ‘भाऊबीजेला माहेरी आलेल्या सुमनला भाऊ हक्कसोडपत्रासाठी थांबवून घेतात, तिला माहेरही हवंय आणि वाटाही, आणि सहीच्या दिवसापर्यंत दोन्हींपैकी एकच मिळणार हे स्पष्ट होतं.’ हे वाक्य देखणं नाही, पण ऐकणारा लगेच विचारतो, ‘मग ती काय करते?’ तो प्रश्न आला की लॉगलाइनचं काम झालं.

यानंतर बहुतेक जण थेट सीन लिहायला बसतात. त्याआधी प्रक्रिया समजून घ्यायला हवी, म्हणजे कथेत जे घडतं ते प्रत्यक्षात कसं घडतं ते. मोठ्या भावाने एका रात्रीत बहिणीचं नाव सातबाऱ्यावरून उडवलं, असा प्रसंग कागदावर फार छान वाटतो. प्रत्यक्षात तसं होत नाही. वडील गेल्यावर आधी वारस नोंद. तिचा फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, तलाठी धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यात मुलीचंही नाव लागतं. पुढे ते कमी करायचं तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. तिथे पक्षकाराला स्वतः जावं लागतं, फोटो निघतो, अंगठ्याचा ठसा घेतला जातो, साक्षीदार लागतात. त्यानंतर पुन्हा फेरफार, पुन्हा नोटीस, पुन्हा १५ दिवस.

नवख्याला हे अडथळे वाटतात. आम्हाला तो आयता सांगाडा वाटतो. वडील भाद्रपदात गेले तर वारस नोंद होईतो दिवाळी येते. दिवाळीत बहीण येणारच. सुट्ट्यांत कार्यालय बंद, म्हणून भाऊबीज झाली तरी तिला कामकाजाच्या पहिल्या दिवसापर्यंत ‘राहा की अजून’ म्हणून थांबवून घ्यायचं. त्या एरवी कधीच न मिळणाऱ्या जादा दिवसांत अख्खा पूर्वार्ध बसतो. वरून कारखान्याचा गळीत हंगाम त्याच सुमारास सुरू होतो, त्यामुळे ऊसतोडीची टोळी, गाडीचा नंबर, उचल, हे सगळं घरातल्या ताणात आपोआप येतं. कुठलाही प्रसंग ओढून आणावा लागत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. अभ्यास केला की तो दाखवायची हौस येते आणि वकिलाच्या तोंडी कायदा जातो. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक नसलं तर सांगावं लागेल. पण भाषण ठोकून नव्हे. भाऊ वकिलाला हळूच विचारतो, ‘सही नाही केली तर किती जातंय?’ वकील बोटं दाखवतो. तीन भावंडं, तीन वाटे. कायदा सांगून झाला.

आता वनलाइन. मुंबईच्या भाषेत वनलाइन म्हणजे एका वाक्याची कथा नाही, सीनची यादी, दर सीनला एक-दोन ओळी. दोन तासांच्या मराठी सिनेमाला साधारण ७० ते ९० सीन होतात. आम्ही ती स्प्रेडशीटमध्ये करतो. भिंतीवर कार्डं लावणं पाहायला छान असतं, पण कार्डांवरून पुढचा तक्ता निघत नाही, स्प्रेडशीटमधून निघतो. रकाने असे: सीन क्रमांक, आत की बाहेर, ठिकाण, दिवस की रात्र, पात्रं, काय घडतं, काय बदलतं, अंदाजे मिनिटं आणि कथेतला कितवा दिवस.

शेवटचा रकाना बरेच लेखक सोडून देतात आणि त्याचा भुर्दंड सेटवर पडतो. सीन २२ आणि सीन २९ कथेच्या एकाच दिवशी घडतात हे लेखकाने लिहिलं नाही, तर वेशभूषावाले दोन वेगळ्या साड्या काढतात. शूटिंग काही क्रमाने होत नसतं. ते दोन सीन आठवड्याच्या अंतराने चित्रित होतात आणि चूक एडिटिंगच्या टेबलावर कळते. ‘काय बदलतं’ हा रकाना त्याहून कडक. तो भरता येत नसेल तर सीन काढायचा. घरातली सकाळ, चहा, गप्पा, गावची वेस, असे सीन याच रकान्यात मरतात, आणि मेलेले बरे. दोन सीनमध्ये एकच बदल होत असेल तर ते जोडायचे.

इंटरव्हल हे आपल्याकडचं हाड आहे. परदेशी पुस्तकांतली तीन अंकांची आखणी जशीच्या तशी उचलली की पंचावन्न-साठाव्या मिनिटाला काहीच घडत नाही आणि प्रेक्षक समोसा घेऊन परतताना काय चाललं होतं ते विसरलेला असतो. इंटरव्हलला प्रश्न पालटावा लागतो. पूर्वार्धात ‘सुमन सही करणार का’ असेल, तर उत्तरार्धात ‘सही न करता ती या घरात राहणार कशी’ असा.

याच कथेत एक योगायोग होता: यंत्रावर सुमनचा अंगठा उमटत नाही. पहिल्या आराखड्यात तो शेवटाला होता. ठसा येत नाही, सही होत नाही, भाऊ हात चोळत बसतात. ऐकताना टाळी पडते, पण दोन मिनिटांनी फसवल्यासारखं वाटतं, कारण सुमनने काहीच केलेलं नसतं, यंत्राने केलं. योगायोगाने नायिका संकटात सापडली तर चालते, सुटली तर चालत नाही. म्हणून तो सीन उचलून इंटरव्हलच्या आधी नेला. तिथे ठशाने एवढंच होतं की काम दुसऱ्या दिवसावर ढकललं जातं आणि सुमनला एक रात्र मिळते. शेवटी यंत्र नीट चालतं, हिरवा दिवा लागतो, अधिकारी विचारतो ‘दस्त वाचला का? मान्य आहे?’ आणि ‘नाही’ तिला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं.

वनलाइन मंजूर झाल्यावरच पटकथा. इथे आधी टाइपची भानगड. इंग्रजी पटकथेत एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब १२ पॉइंट कूरियर या ठरावीक रुंदीच्या टाइपवर उभा आहे. देवनागरीला तो लागू होत नाही. काना-मात्रा-वेलांट्यांना उंची लागते, अक्षरांची रुंदी सारखी नसते. त्यात मराठीत प्रत्येक सीन नव्या पानावर सुरू करायची पद्धत आहे, कारण सीनची पानं सुटी करून खात्यांना वाटली जातात. म्हणून पानं मोजून वेळ काढू नये. स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचावं, हालचालीच्या जागी थांबावं, आणि आलेला आकडा वनलाइनच्या मिनिटांच्या रकान्यात दुरुस्त करावा. गप्प सीनचा वेळ सगळेच कमी धरतात.

फॉन्ट युनिकोडच हवा. डीटीपीच्या दुकानांतून आलेल्या श्री-लिपी किंवा कृतिदेवमधल्या जुन्या फायली दुसऱ्याच्या संगणकावर उघडल्या की नुसती रोमन अक्षरांची रांगोळी दिसते. पाठवताना पीडीएफच पाठवायचा, फॉन्ट एम्बेड करून. पटकथेसाठी देवनागरी नीट हाताळणारं स्क्राइटसारखं सॉफ्टवेअर आहे; पण साध्या वर्डमध्ये स्टाइल लावून केलं तरी काही अडत नाही. हिंदीतल्या कलाकारांसाठी रोमन लिपीतली प्रत मागतात. ती शेवटच्या ड्राफ्टनंतरच करावी, नाहीतर दोन प्रतींतले संवाद वेगळे होत जातात आणि सेटवर कुणाचा कागद खरा यावरून वाद.

वर सांगितलेला सीन अंतिम ड्राफ्टमध्ये असा आहे:

सीन ४१ / आत / दुय्यम निबंधक कार्यालय / दिवस (कथेचा दिवस ९)
पात्रं: सुमन, दत्ता (तिचा भाऊ), ऑपरेटर

ऑपरेटर कॅमेऱ्याकडे बोट करतो. सुमन पदर सारखा करते. फोटो निघतो.
ऑपरेटर: अंगठा.
सुमन काचेवर अंगठा टेकवते. यंत्राचा आवाज. लाल दिवा.
ऑपरेटर: पुसून ठेवा.
पदराला पुसून पुन्हा. लाल दिवा.
दत्ता: जोरात दाब की.
ऑपरेटर: जोरानं न्हाई येत. काय काम करता, ताई?
सुमन: पोळ्यांचं.
ऑपरेटर: झिजलाय. दुसऱ्या हाताचा बघू.
दत्ता घड्याळ बघतो. सुमन अंगठा उलटा करून बघते.

आधीच्या ड्राफ्टमध्ये सुमन इथे पानभर बोलायची: नवरा, पोळी-भाजी केंद्र, पहाटे चारला उठणं. ते सगळं ‘पोळ्यांचं’ आणि ‘झिजलाय’ या दोन शब्दांत गेलं, तेही दुसऱ्याच माणसाने सहज विचारलेल्या प्रश्नामुळे. पात्राची माहिती त्याच्या स्वतःच्या तोंडून काढण्यापेक्षा ज्याला तिच्याशी काही देणंघेणं नाही अशा माणसाकडून निघाली की ती माहिती वाटत नाही. वर्णनाच्या ओळींतही कॅमेऱ्याला दिसेल आणि माइकला ऐकू येईल तेवढंच. ‘सुमनला वडिलांची आठवण येते’ हे लिहिलं की दिग्दर्शक विचारणार, दाखवू काय? ‘सुमन अंगठा उलटा करून बघते’ हे नटीला करता येतं.

संवाद लिहिणाऱ्याचं खरं काम इथून. मराठी सिनेमात ‘ग्रामीण’ नावाची एक भाषा तयार झाली आहे, जी कुठल्याच गावात बोलत नाहीत: थोडं सातारी, थोडं नगरी, मध्येच वऱ्हाडी. तालुका ठरवला की भाषा ठरली पाहिजे. कोल्हापूरकडे बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ असं बोलतात. सुमन पिंपरीत ‘मी जाते’ म्हणते आणि माहेरी आली की दुसऱ्या दिवशी नकळत ‘जातो’वर येते. शेवटच्या सीनमध्ये, नकार देताना, ती कुठलं रूप वापरणार? यावर आमच्यात बराच खल झाला आणि ‘मी सही करत नाही’ हे पुल्लिंग-स्त्रीलिंग दोन्हींत सारखंच राहणारं वाक्य ठरलं, म्हणजे ती ना सासरची वाटते ना माहेरची. प्रेक्षकाला हे समजणार नाही. नटीला समजलं तरी पुरे. संवाद झाले की त्या भागातल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. जिथे तो अडखळतो तिथे पेन्सिलने खूण करावी, त्याचं मत विचारायच्या भानगडीत पडू नये. मत विचारलं की तो प्रमाण भाषेत बोलायला लागतो.

नॅरेशन म्हणजे निर्मात्याला समोर बसून कथा ऐकवणं. त्याचे दोन प्रकार. पहिलं वीसेक मिनिटांचं, वनलाइनवर. दुसरं पूर्ण, बाउंड स्क्रिप्ट, म्हणजे ते बाड, हातात घेऊन, दोन-अडीच तासांचं. पहिल्यात सुरुवातीला काळ, ठिकाण, मुख्य माणूस आणि सिनेमाचा प्रकार सांगून टाकायचा. पात्रांची नावं पाचच्या वर घेऊ नयेत, बाकीच्यांना ‘धाकटा भाऊ’, ‘वकील’ असंच म्हणावं. ‘इथे कॅमेरा वर जातो’, ‘इथे सनई’ हे टाळावं. मध्ये फोन आला तर थांबावं आणि मागच्या सीनपासून परत उचलावं, तोडून पुढे जाऊ नये. शेवट दडवून ठेवायचा नसतो. निर्माता प्रेक्षक नव्हे, त्याला शेवट ऐकूनच पैसे घालायचे असतात. आणि घरी आल्यावर त्याच दिवशी ईमेल: ‘आज अमुक कथा ऐकवली, सारांश सोबत जोडला आहे.’ आपल्याकडे गोपनीयतेच्या करारावर नॅरेशनआधी सही मिळणं दुर्मीळ. तारीख असलेला ईमेल मात्र कुणी अडवत नाही.

त्याहीआधी नोंदणी. अंधेरीतली स्क्रीनरायटर्स असोसिएशन, जुनी फिल्म रायटर्स असोसिएशन, सभासदांचं लेखन ऑनलाइन नोंदवते. पीडीएफ चढवायचा, शिक्का पडलेली प्रत मिळते. सारांश वेगळा नोंदवावा, पटकथा वेगळी, आणि मोठा फेरफार झालेला प्रत्येक ड्राफ्ट वेगळा. यातून सिद्ध होतं ते एवढंच की अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता. कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी त्याहून वजनदार: साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये, अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, आणि मिळालेलं प्रमाणपत्र न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा धरलं जातं. दोघे लेखक असतील तर दोघांचीही नावं अर्जावर हवीत. कायद्याने हक्क लिहिण्यातूनच जन्मतो, नोंदणी ऐच्छिक आहे. पण भांडण लागलं की ऐच्छिक गोष्टीच कामी येतात.

नोंदणीने कल्पनेचं रक्षण होत नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सांगितलं की कल्पना, विषय, ऐतिहासिक घटना यांवर कॉपीराइट नसतो. ज्या रीतीने ती कल्पना मांडली, तिच्यावर असतो. ‘बहिणीच्या हक्कसोडीवर सिनेमा’ कुणीही करू शकतो. झिजलेला अंगठा, थांबवून घेतलेली भाऊबीज, बदललेला इंटरव्हल, या क्रमाने आणि या तपशिलांनी बांधलेली कथा आपली. म्हणून नोंदवायची ती दोन ओळींची कल्पना नव्हे, तपशीलवार वनलाइन. सिनेमाच्या नावाची नोंदणी वेगळी, ती निर्माता आपल्या संघटनेकडे करतो. मराठीत त्यासाठी कोल्हापूरला मुख्यालय असलेलं अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे.

दुसऱ्याच्या कथेवर पटकथा करायची तर चित्रपटाचे हक्क लेखी घेतल्याशिवाय एक सीनही लिहू नये. लेखक हयात नसेल तर मृत्यूनंतरच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात, आणि वारस म्हणजे सगळे वारस. एका मुलाने सही दिली आणि अमेरिकेतली मुलगी राहिली, तर ऐन प्रदर्शनाच्या तोंडावर नोटीस येते. ओटीटीवाले हक्कांची ही साखळी कागदोपत्री मागतातच. प्रकाशकाकडे चित्रपटाचे हक्क असतीलच असं नाही. त्याचं परवानगीपत्र पुरेसं धरू नये.

आता करार. पटकथेचं हस्तांतरण लेखी आणि सहीचंच लागतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये लेखकाच्या सोयीच्या काही गोष्टी आहेत ज्या फारच थोडे लेखक वाचतात. मुदत लिहिलीच नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि निर्मात्याने हक्क मिळाल्यापासून वर्षभरात वापरले नाहीत, तर ते परत येतात, मात्र करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तरच. हे ‘मात्र’ महागात पडतं. निर्मात्याच्या मसुद्यात हटकून एक ओळ असते की कलम १९(४), म्हणजे हक्क परत येण्याचं हेच कलम, लागू होणार नाही. ती ओळ सरसकट काढा म्हटलं तर व्यवहार मोडतो. निर्मात्यालाही पैसे उभे करायला वेळ लागतो. आम्ही तिच्या जागी मुदत घालतो: अमुक तारखेपर्यंत शूटिंग सुरू झालं नाही तर पटकथा लेखकाकडे परत, घेतलेले पैसे परत न करता.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट दिली. सिनेमागृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीचा लेखकाचा समान वाटा करार करूनही सोडून देता येत नाही. म्हणजे ‘सर्व रॉयल्टी एकरकमी मानधनात समाविष्ट’ या ओळीला त्या बाबतीत अर्थ नाही. प्रत्यक्षात पटकथाकारांना ती वसूल करून देणारी घडी गीतकारांइतकी बसलेली नाही, हेही खरं. तरीही ओळ खोडायला लावावी.

हप्त्यांची वाटणी आम्हाला पटणारी अशी: करारावर सही होताना २० टक्के, वनलाइन दिल्यावर १५, पहिला ड्राफ्ट दिल्यावर ३०, दुसऱ्या ड्राफ्टला २०, संवादांसह अंतिम ड्राफ्टला १५. शब्द ‘दिल्यावर’ हवा, ‘मंजूर झाल्यावर’ नको. मंजुरी निर्मात्याच्या मनावर असते आणि मन महिनोन्महिने होत नाही. मंजुरीचाच आग्रह असेल तर पुढे जोडावं: दिल्यापासून २१ दिवसांत लेखी सूचना आल्या नाहीत तर मंजूर समजावं. ‘शेवटचा हप्ता शूटिंगच्या पहिल्या दिवशी’ ही अशीच सापळ्याची ओळ. सिनेमा डब्यात गेला की तो दिवस येतच नाही. ‘शूटिंगचा पहिला दिवस किंवा अमुक तारीख, यांतलं जे आधी’ असं लिहिलं की प्रश्न मिटला. किती ड्राफ्ट मानधनात धरले आणि त्यापुढच्याला किती, हेही आकड्यात. ‘निर्मात्याचं समाधान होईपर्यंत’ अशी ओळ दिसली की पेन खाली ठेवावं.

श्रेयाचं कलम पैशाइतकंच भांडून घ्यावं. मराठीत कथा, पटकथा, संवाद ही तीन श्रेयं वेगळी आहेत आणि शेवटच्या क्षणी दिग्दर्शकाचं नाव पटकथेत सरकतं. श्रेय कुठे कुठे (टायटल, पोस्टर, ट्रेलर, ओटीटीचं पान), कोणत्या क्रमाने, आणि वाद झाला तर कोण ठरवणार, एवढं लिहिलेलं असावं. मानधनातून व्यावसायिक शुल्काचा १० टक्के टीडीएस कापला जातो. तो आपल्या पॅनवर खरंच जमा झाला का, हे आयकराच्या संकेतस्थळावर तपासावं. कापलेला पण न भरलेला टीडीएस हा लेखकांचा जुना अनुभव आहे. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते, म्हणून करारात ‘मानधन अधिक लागू असल्यास जीएसटी’ असं आधीच घालून ठेवावं.

सही झाली की सूचना येऊ लागतात. निर्माता, दिग्दर्शक, कलाकार, कधी निर्मात्याचे मेहुणे. सूचना लेखी आणि एकाच माणसाकडून याव्यात, हे करारातच असावं. तोंडी सूचना घेऊन ड्राफ्ट बदलला की पुढच्या बैठकीत ‘हे का काढलं?’ असं तोच माणूस विचारतो. सूचनेतला उपाय बाजूला ठेवून दुखणं शोधावं. ‘इथे एक गाणं टाका’ याचा अर्थ बहुतेकदा इतकाच असतो की इथे कंटाळा आला, आणि कंटाळ्याचं कारण तीन सीन आधी असतं.

मग प्रॉडक्शनचे बदल, जे आम्हाला सर्वांत उपयोगी वाटतात, कारण ते आकड्यांतून येतात. सीन १२ मध्ये उभा ऊस आणि सीन ६३ मध्ये तेच रान तुटलेलं, म्हणजे तोडीच्या आधी एक आणि नंतर एक, अशी दोन शेड्यूल, म्हणजे शूटिंगच्या दोन फेऱ्या. युनिट दोनदा नेण्याचा खर्च कुणी देत नाही. लेखकाने सीन १२ बांधावरून, पाटाच्या कडेला आणला की दोन वेगळी रानं एकच म्हणून खपतात आणि सगळं एका शेड्यूलमध्ये बसतं. बसस्थानकावरचा रात्रीचा पाऊस असाच: पाण्याचे टँकर, जनरेटर, ज्युनिअर कलाकार, रात्रपाळी. त्या सीनमध्ये बदलत काय होतं? सुमनला कळतं की भावाने तिच्या नवऱ्याला आधीच फोन केलाय. ते एसटीच्या कँटीनमध्ये, दुपारी, दोन माणसांत आणि एका चहात होतं. सीन छोटा झाला आणि बरा झाला, कारण पावसात फोनवरचं बोलणं ऐकवण्यासाठी आधी तिला ओरडावं लागत होतं. मात्र असा बदल लेखकाने स्वतः करायचा. सेटवर सहायकाने घाईत केला की सीन ६८ मध्ये कुणीतरी ‘त्या पावसात’ म्हणतं आणि पाऊस कुठेच नसतो. म्हणून शूटिंगच्या प्रतीला ड्राफ्ट क्रमांक आणि तारीख प्रत्येक पानावर, बदललेली पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर, आणि काढलेल्या सीनचा क्रमांक रिकामा ठेवून ‘वगळला’ असं लिहायचं. क्रमांक सरकवले की तक्ता, कॉलशीट, वेशभूषेची यादी, सगळं कोसळतं.

एडिटिंग संपल्यावर आणखी एक कागद उरतो, जो करारात कुणी धरत नाही. सेन्सॉरकडे सिनेमासोबत कथासार आणि पूर्ण संवाद लागतात, आणि ते पटकथेतले नव्हे, पडद्यावर प्रत्यक्ष राहिलेले. डबिंगमध्ये बदललेला शब्दन् शब्द ऐकून उतरवावा लागतो. हे काम संवादलेखकाकडे ‘तुमचंच तर आहे’ म्हणून फुकट येतं. त्याचे वेगळे पैसे आधीच लिहून घ्यावेत, किंवा ते सहायक करेल हे स्पष्ट लिहावं. उपशीर्षकांचंही तसंच.

एवढं करूनही शेवटचा हप्ता थकतो. अशा वेळी फोनवर भांडण्यात अर्थ नाही. आधी बिल, मग स्मरणपत्र, मग असोसिएशनच्या वादनिवारण समितीकडे तक्रार. तिथे विचारतात ते कागद: सहीचा करार, नोंदणीच्या प्रती, कुठला ड्राफ्ट कोणत्या तारखेला कुणाला ईमेल केला, बिलं आणि आलेल्या हप्त्यांची बँकेतली नोंद. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला ड्राफ्ट फोन बदलला की हरवतो, म्हणून प्रत्येक ड्राफ्ट ईमेलनेच, विषयाच्या ओळीत सिनेमाचं नाव, ड्राफ्ट क्रमांक आणि ‘करारातील अमुक हप्त्यासाठी’ असे शब्द घालून, आणि बिल त्याच ईमेलला जोडून.